अडचण कोणाची, तोडगा कोणासाठी?

मुंबई-पुण्याच्या एखाद्या पेट्रोलपंपावर परदेशी स्पोर्ट्स कार शिरली की काही क्षण तेथील सारा व्यवहार थबकतो. या गाडीचा तळ जमिनीपासून वीतभरही उंच नसतो. रस्ता आणि पंपाचे आवार यांमधला चढ तिला तिरक्या चालीने, गोगलगायीच्या गतीने पार करावा लागतो. नाहीतर पुढची कड फरशीवर घासते. टाकीचे तोंड कोणत्या बाजूला आहे, झाकण दाबून उघडते की आतल्या कळीने, हे पंपावरच्या कामगाराला ठाऊक नसते. नळीचा एक ओरखडा त्या रंगावर उठला तर त्याची भरपाई आपल्या वर्षभराच्या पगारातूनही होणार नाही, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. तो जपून हात घालतो, मालक काचेतून डोळ्यांत तेल घालून पाहतो, आणि मागची रांग खोळंबते.

परंतु खरी अडचण टाकीच्या तोंडाची नाही. टाकीत काय पडते त्याची आहे. या गाड्यांच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण फार मोठ्या दाबाने दाबले जाते. पेट्रोलचा ऑक्टेन अंक कमी असेल तर ते मिश्रण वेळेआधीच पेट घेते आणि इंजिनाला आतून ठोके बसतात. बहुतेक स्पोर्ट्स कारच्या माहितीपुस्तिकेत ९५ ते ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलची मागणी असते. भारतातील साधे पेट्रोल २०२० मध्ये ९१ ऑक्टेनचे होते. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून आणलेल्या गाडीला या देशात धड तिचे अन्नच मिळत नव्हते.

ही अडचण दूर झाली. १ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने ‘एक्सपी १००’ हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मुंबई व पुण्यासह दहा शहरांत विक्रीस आणले. मथुरेच्या शुद्धीकरण कारखान्यात, कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागाने विकसित केलेल्या तंत्राने ते तयार झाले. त्या वेळी दिल्लीत साधे पेट्रोल ८२ रुपयांच्या आसपास होते आणि हे नवे पेट्रोल सुमारे १६० रुपये लिटर. भारतीय तंत्रज्ञांच्या या कर्तृत्वाबद्दल कोणाला आकस असण्याचे कारण नाही. ज्याला परवडते त्याने दुप्पट दाम मोजून ते घ्यावे. प्रश्न वेगळाच आहे. त्याच पंपावर, त्याच रांगेत, दुसरेही एक वाहन उभे असते आणि त्याचीही अडचण अगदी तशीच असते.

ते वाहन म्हणजे दहा-बारा वर्षांची जुनी मोटारसायकल. तिच्यावर कोणी घरोघर जेवणाचे डबे पोचवतो, कोणी दुधाचे कॅन बांधतो, कोणी औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोलच्या विक्रीचा आरंभ झाला. मुळात २०३० साठी ठरवलेले हे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये देशभर गाठण्यात आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असला तरी त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या वाहनांतील रबरी नळ्या व वायसर यांना बाधते. गंमत अशी की, आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी असणारी स्पोर्ट्स कार आणि चाळीच्या जिन्याखाली पावसात उभी असणारी जुनी दुचाकी, या दोघींनाही या मिश्रणाचे वावडे आहे. पहिलीसाठी १०० ऑक्टेनची वेगळी नळी आहे आणि इथेनॉलविरहित म्हणून तिचा बोलबालाही झाला. दुसरीसाठी काय आहे?

दुसरीसाठी उपदेश आहे. खुद्द सरकारच्याच तज्ज्ञ समितीने, नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, या घटीचा हिशेब मांडला होता. मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या वाहनांपैकी चारचाकींची इंधनक्षमता ई-२० मुळे ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे त्यात नमूद आहे. महिन्याला ३००० रुपयांचे पेट्रोल घालणाऱ्या दुचाकीस्वाराला याचा भुर्दंड ९० ते १२० रुपये. त्याच अहवालाने दोन उपाय सुचवले होते: ऊर्जेतील घट भरून निघावी म्हणून असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावे, आणि जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी १० टक्क्यांचे मिश्रण उपलब्ध ठेवावे. उद्दिष्टाची तारीख अलीकडे आणण्याची तत्परता सरकारने दाखवली. हे दोन उपाय मात्र कागदावरच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, की इथेनॉलच आता महाग झाले आहे आणि जुन्या वाहनांचे काही रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागले तरी तो खर्च मोठा नाही. कोणासाठी मोठा नाही? १ सप्टेंबर २०२५ रोजी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. निवडीचा हक्क न्यायालयात मिळाला नाही. पंपावर मात्र तो चढ्या दराने विकत मिळतो.

या धोरणाच्या समर्थकांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. परदेशी तेलावरचे परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांच्या हाती रोकड येते आणि ऊसउत्पादकाची थकलेली देणी लवकर भागतात, यात तथ्य आहे. महाराष्ट्रातील शेतकरी चळवळीने ते नाकारू नये. परंतु त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यात या आकड्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून बीडहून निघणाऱ्या कोयत्याच्या वाट्याला या लिटरमधील किती पैसे येतात, हेही एकदा विचारले पाहिजे. आणि शेतकऱ्याच्या हिताचा एवढा कळवळा असेल, तर डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे भाव सांभाळण्यासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत बंदी घालून, आठवड्याभरात ती शिथिल करण्याची वेळ का आली?

या दोन वाहनांच्या मधोमध उभा असतो तो पंपावरचा कामगार. “शून्य बघा, साहेब,” म्हणत तो दिवसभर दोघांचीही टाकी भरतो. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असते, ते कर्करोगाला कारण ठरते, आणि ती वाफ त्याच्या नाकातोंडात जाते. ॲव्हरेज घटले की दुचाकीस्वार त्याच्यावरच वैतागतो. पेट्रोलमध्ये पाणी निघाले की पहिला संशय त्याच्यावरच येतो. मिश्रण ठरवणारे दिल्लीत असतात, शिव्या खाणारा पंपावर असतो.

येथे थोडा इतिहास आठवणे इष्ट ठरेल. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचा भारतातील कारभार राष्ट्राच्या मालकीचा झाला. तेलासारखी जीवनावश्यक वस्तू मूठभरांच्या नफ्यासाठी नसून सर्वांच्या गरजेसाठी आहे, हा त्यामागचा विचार होता. जून २०१० मध्ये पेट्रोलची किंमत सरकारी नियंत्रणातून मुक्त करण्यात आली, तेव्हापासून हा विचार पातळ होत गेला. सार्वजनिक कंपनीने श्रीमंतांसाठी १०० ऑक्टेनचे पेट्रोल करू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या कंपनीला दहा शहरांत मूठभर गाड्यांसाठी स्वतंत्र टाकी, स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र वाहतूक उभारता येते, तिला कोट्यवधी दुचाकींसाठी १० टक्के मिश्रणाची एक नळी ठेवणे अशक्य आहे, हे पटण्यासारखे नाही. अडचण यंत्राची नाही, अग्रक्रमाची आहे.

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या असाव्यात. प्रत्येक नळीवर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहिलेले असावे. जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल किमान प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळावे. ई-२० चा दर त्यातील ऊर्जेच्या प्रमाणात कमी व्हावा. पंपावरच्या कामगाराला किमान वेतन, आठ तासांची पाळी आणि नियमित वैद्यकीय तपासणी मिळावी. कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन आधी रिक्षातळावर, दूधसंघाच्या दारात आणि डबे पोचवणाऱ्या तरुणांच्या कट्ट्यावर जावे. आपले ॲव्हरेज का घटले, हे त्यांना कळत नाही; ते गाडीला दोष देतात, मेकॅनिकला देतात, नशिबाला देतात. त्यांना हिशेब समजला, तर पुढचे पाऊल ते स्वतःच उचलतील.

स्पोर्ट्स कार पंपावरचा चढ तिरकी होऊन पार करते. तिच्यासाठी चढ कमी करायला अनेक हात पुढे येतात. रांगेतल्या दुचाकीसाठी ते हात संघटनेलाच उभे करावे लागतील.