तपासात जायचंय? आधी पदवी नीट निवडा

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीतही एखादी मुलगी घरी सांगते, "मला क्राइम ब्रँचमध्ये जायचंय." आई-बाबांनो, तिला हसण्यावारी नेऊ नका. पण 'डिटेक्टिव्ह'चा महागडा डिप्लोमा दिसला म्हणून लगेच पैसेही भरू नका, ही कळकळीची विनंती.

स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे एलसीबीत, थेट भरती होत नाही. आधी पोलीस दलात शिरावं लागतं. शिपाई भरतीला बारावी पुरते. उपनिरीक्षक व्हायचं तर कोणत्याही शाखेची पदवी, एमपीएससीची परीक्षा, मैदानी चाचणी आणि मग नाशिकच्या पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण. उंची आधीच मोजून घ्या: उपनिरीक्षकपदासाठी पुरुषांना १६५ आणि महिलांना १५७ सेंटिमीटर लागते. दोन वर्षं अभ्यास केल्यावर हे कळलं तर फार जिव्हारी लागतं.

खाकी नको, पण शोध हवा, असं वाटणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेची वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मुळे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. माणसं लागणार आहेत, आणि ती विज्ञान शिकलेलीच लागणार आहेत. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांचं जाळं आपल्या रत्नागिरीपर्यंत आलेलं आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बागेतल्या विहिरीत प्रेत सापडलं. माणूस बुडून मेला, की मेल्यावर कुणी आत टाकला? हाडातल्या मज्जेत डायटम हे सूक्ष्म शैवाल आहे का, हे प्रयोगशाळेत तपासतात आणि इतर पुराव्यांशी ताडून पाहतात. पण त्याच विहिरीचं पाणी त्या वेळी बाटलीत भरून सील केलं नसेल, तर ताडायचं कशाशी? नमुना कधी, कुठून, कुणासमोर घेतला हे पंचनाम्यात नीट लिहिलं नसेल, तर बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून मला मनापासून वाटतं, तपासात जाणाऱ्याने विज्ञानाइतकंच स्वच्छ मराठी लिहायला शिकावं. पाहिलं तेवढंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. ही सवय अकरावीपासून लावता येते.

शिक्षणासाठी लगेच घर सोडायलाच हवं असं नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयात कायदा शिकून पुढे सरकारी वकिलीकडे वळता येतं. न्यायवैद्यक शास्त्राचीच पदवी हवी असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यात फोंड्यालाही आहे.

प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेतल्या पदांची जुनी जाहिरात शोधून वाचा. शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते पाहा. नसेल, तर फी भरू नका.