खांब बदलण्याआधी

पावसाळा जवळ आला की जुन्या घरात डागडुजी निघते. खांबांच्या भेगांत लांबी भरली जाते, वर रंगाचा हात फिरतो आणि घर नवे दिसू लागते. पण वरचा मजला रंगाने तोलला जात नाही. तो तोलते आतले लाकूड.

चांगले सागवान सहजासहजी कुजत नाही. दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा काही भाग 1879 च्या आगीत जळाला. तो पुन्हा उभारला गेला आणि कोरीव लाकडी खांबांचा हा वाडा आजही उभा आहे. मग आपल्याच घरातला खांब का कुजावा?

कारण बहुधा पाणी हेच असते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून तर जुने कारागीर खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करत. पुढे फरशीवर फरशी चढते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय ओलीत येतो. भिंतीत शिरलेले तुळईचे टोकही असेच आतल्या आत भिजते. मालक आणि भाडेकरू यांच्या वादात गळके कौल तसेच राहिले, तर नुकसान दोघांचेही होते.

तेव्हा आधी कौले, पन्हळ आणि न्हाणीचा निचरा दुरुस्त करावा. मग टोच्याने लाकूड तपासावे. टोक सहज आत गेले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आत कूज किंवा कीड आहे असे समजावे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवीचा बंदोबस्त जाणकाराकडून करून घ्यावा.

खांबाचा पायच कुजला असेल, तर सगळा खांब काढण्याची गरज नसते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे वाळलेल्या सागाचा तुकडा सांधा घालून, बोल्टने आवळून बसवता येतो. मात्र त्याआधी वरच्या भाराला भक्कम धिरे हवेतच. तुळईचे काम असेल, तर इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. नव्या जोडाभोवती सिमेंट थापू नये; त्यात ओल कोंडते.

कुणी सगळा खांबच बदलायला सांगितला, तर त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: कुजले आहे किती, आणि पाणी येते कुठून?