फवारणीआधी खताचा ढीग पाहा

माडाची झावळी कात्रीने त्रिकोणी कातरल्यासारखी दिसली की आपल्याकडे लगेच फवारणीची भाषा सुरू होते. औषधाची बाटली येते, शिडी लागते आणि शिंतोडे खालच्या कोथिंबिरीवर पडतात. गेंड्या भुंग्याला त्याचे काय? तो शेंड्याच्या गाभ्यात शिरून न उमललेली पाने कुरतडतो. पान उमलून आपल्याला खाच दिसते, तोवर स्वारी बहुधा पुढच्या माडावर गेलेली असते.

हा किडा मूळचा या बेटाचा नव्हे. १९६० नंतर तो येथे आला आणि त्याला आवर घातला तो मुख्यतः एका विषाणूने. १९६३ साली ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला तो मलेशियात सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला व १९७० च्या सुमारास मॉरिशसमध्ये. रोगी भुंगा लगेच मरत नाही. तो उडत राहतो, कुजक्या खोडात जातो आणि विष्ठेवाटे तेथल्या अळ्यांना रोग देतो. रोगी मादी अंडी घालीनाशी होते. भुंग्याचे मरण भुंग्यानेच वाहून न्यायचे! माणसाला किंवा गुराढोरांना त्याची बाधा नाही.

परंतु या यशाने आपण सुस्त झालो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्वाम बेटावर २००७ साली आढळलेल्या भुंग्यांच्या जातीवर हा जुना विषाणू फारसा चालत नाही. उद्या ती जात येथे उतरली तर?

भुंग्याचे खरे माहेर शेंड्यात नाही, जमिनीवर आहे. शेणखताचे जुने ढीग, कुजलेला पाला, मेलेल्या माडांची खोडे यांत अंगठ्याएवढी जाड पांढरी अळी कित्येक महिने पोसली जाते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ येऊन गेले. अशा वादळानंतर रस्ते तत्परतेने मोकळे होतात, पण परसात आडवे झालेले माड मात्र तिथेच कुजतात.

आपल्या पूर्वजांच्या कोकणात बागायतदार लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढतात आणि पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू भरतात. खताचा ढीग उपसला की अळ्या कोंबड्या टिपतात. यात कोणते औषध विकत आणावे लागते?

गणेशचतुर्थीचा नारळ आपल्याच अंगणातला असावा असे वाटणाऱ्यांनी या रविवारी फावडे घेऊन ढीग उपसावा. शिक्षकांनी मुलांना अळी ओळखायला शिकवावी. ते आम्ही आमच्या वर्गापासून सुरू करीत आहोत. आणि जिल्हा परिषदांनी पुढच्या वादळानंतर परसातले पडके माडही उचलून न्यावेत.