जाहिरातीची आठवण आणि तिसऱ्या वर्गाचें तिकीट

जुन्या आगगाड्यांचीं जाहिरातचित्रें, भोजनाच्या डब्यांतील मेनूकार्डें, सामानावर चिकटवावयाचीं रंगीत लेबलें, असल्या वस्तू जमविण्याचा छंद आतां कांहीं सुशिक्षित घरांतून शिरला आहे. ह्या छंदाची टवाळी करणारांपैकीं आम्ही नव्हे. कागद जपणारा मनुष्य आमच्या समाजांत दुर्मिळ. तो भेटल्यास त्याला नमस्कारच करावा. आमची तक्रार आहे ती त्याच्या निवडीविषयीं. संग्राहक जें जपतात तें रेल्वेच्या प्रवासाचें स्मारक नसून रेल्वेच्या जाहिरातीचें स्मारक आहे, आणि ह्या दोहोंतील भेद ते विसरले आहेत.

जाहिरातचित्रें सुंदर असतात हें कोण नाकारील? १९०८ सालीं जॉन हॅसल ह्यानें इंग्लंडांतील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठीं स्केग्नेसच्या किनाऱ्यावर आनंदानें उडी मारणारा गलेलठ्ठ कोळी रंगविला. १९२७ सालीं फ्रान्समध्यें कासांद्र ह्यानें 'नॉर एक्सप्रेस'चें इंजिन नुसत्या रेषांच्या बळावर धांवतें केलें. हीं चित्रें भिंतीवर अवश्य लावावीं. परंतु दुकानाच्या पाटीवरून आंतल्या मालाची परीक्षा कोणी शहाणा करीत नाहीं. आमच्या देशांतील रेल्वेंनीं १९२० नंतरच्या काळांत जीं चित्रें काढविलीं, त्यांत ताजमहाल आहे, राजवाडे आहेत, हत्ती आहेत. नाहीं तो फक्त पाय ठेवावयास जागा नसलेला तिसऱ्या वर्गाचा डबा. आणि खरी रेल्वे तर तीच! उतारूंपैकीं बहुसंख्य त्याच वर्गाचे, उतारूंपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वांटाही त्यांचाच. गांधीजींची ह्या वर्गाच्या हालांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच १९१७ सालीं प्रसिद्ध झाली.

ह्यावर संग्राहक म्हणतील, "जें मिळतें तें आम्ही घेतों; तिसऱ्या वर्गाचें कांहीं मिळतच नाहीं." पण तें कां मिळत नाहीं, ह्याचा विचार कोणी केला आहे काय? टॉमस एडमन्सन ह्या इंग्रज गृहस्थानें पुठ्ठ्याचें जें छापील तिकीट काढलें, तेंच आमच्याकडे दीर्घकाल चाललें: जेमतेम ५७ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद, त्यावर क्रमांक, दोन स्टेशनें, वर्ग, भाडें आणि यंत्रानें दाबलेली तारीख. परंतु प्रवास संपतांच तें फाटकावर तिकीट-कलेक्टरच्या हातीं द्यावें लागे. भोजनाच्या डब्यांतील साहेब आपलें मेनूकार्ड खिशांत घालून घरीं नेई. वारकऱ्याचा पुरावा मात्र फाटकावरच काढून घेतला जाई. म्हणून उरलें तें साहेबाचें. जें उरलें तेंच काय तें घडलें, असें मानणें हा इतिहासावर अन्याय आहे.

परोपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा अपराध सांगतों. आमच्या घरीं आजोबांचीं कांहीं वेळापत्रकें होतीं. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी १९०६ सालापासून कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाऊं लागली होती. आजोबा तिनें आषाढीस जात आणि वेळापत्रकाच्या समासांत पेन्सिलीनें टिपण करीत: कुर्डुवाडीस रात्र फलाटावर काढली, कोणाच्या पोराला ताप आला, कोणाचें भाडें कोणी भरलें. एके दिवशीं जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. त्यानें रंगीत मुखपृष्ठें तेवढीं कापून घेतलीं, चांगले पैसे मोजले, आणि "आंतली रद्दी तुम्हांलाच राहूं द्या," म्हणाला. आम्हीं ती खरोखरच रद्दीवाल्यास घातली. आज तीं मुखपृष्ठें कोणाच्या तरी दिवाणखान्यांत चौकटींत बसलीं असतील. आजोबांचा प्रवास मात्र गेला.

तेव्हां संग्राहकांस आमचें सांगणें एवढेंच. वेळापत्रक फाडूं नका. मुखपृष्ठासाठीं पुस्तक कापणारा हा कातड्यासाठीं हरिण मारणाऱ्या शिकाऱ्याचाच भाऊ होय. प्रत्येक कागद कोणाचा, कोणत्या प्रवासांतला, कोठून मिळाला, हें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि ताजमहालाच्या चित्राशेजारीं, फाटकावर द्यावयाचें राहून गेलेलें एखादें तिसऱ्या वर्गाचें तिकीट लावा. १९७४ सालीं तो वर्ग नांवानें बंद झाला. त्याचें तिकीट आतां नवें निघणार नाहीं. बाजारांत त्याला चित्राची किंमत येणार नाहीं, न येवो. रेल्वेला काय दाखवावयाचें होतें तें चित्र सांगतें. माणसाला कोठें जावयाचें होतें तें तिकीट सांगतें. ज्या घरानें पहिलें भिंतीवर लाविलें आणि दुसरें रद्दींत घातलें, त्या घरानें आपल्याच आजोबांना फाटकाबाहेर उभें केलें आहे.