पहिल्या कानाची मक्तेदारी

जे गाणं आवडायला शिकावं लागतं ते गाणंच नव्हे, असा निकाल एका जाणकार गृहस्थांनी अलीकडेच भर व्याख्यानात देऊन टाकला. विषय होता आजच्या तरुणांचं संगीत, म्हणजे तरुण सोडून बाकी सगळ्यांनी बोलायचा विषय. गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्यांदा ऐकताना कान जे सांगतो तेच खरं, पुढची सगळी मनाची समजूत. काही पोरं विक्षिप्त रॉक अल्बम मुद्दाम पुन्हापुन्हा ऐकतात आणि एक दिवस ‘आता कळायला लागलं’ म्हणतात. त्यांना कळलेलं काही नसतं, सवय झालेली असते. सवयीने कारखान्याचा भोंगाही गोड लागतो. शिवाय हे संगीत परकं आहे, कर्कश आहे आणि चारचौघांत उठून दिसण्यासाठी केलेलं सोंग आहे. टाळ्या कडकडून पडल्या.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. परकं? ऑल इंडिया रेडिओने 1940 साली परकी म्हणून जिला दाराबाहेर काढलं ती पेटी आज गृहस्थांच्या लाडक्या नाट्यसंगीताचा प्राण आहे. कर्कश? सनई-चौघडा दहा बाय दहाच्या खोलीत वाजवून घ्यावा आणि मग बोलावं. सोंग? असतं, कबूल. ‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या रेघांचे टी-शर्ट घालून हिंडणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्या रेघा एका पल्सार ताऱ्याच्या स्पंदनांच्या आहेत हे ठाऊक नसतं, आणि तो 1979 चा अल्बम आहे हेही. पण शास्त्रीय मैफलीत पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी मान डोलावणारे काय कमी असतात? त्यांच्यामुळे यमन रद्द होत नाही.

आता भोंगा. आवाजाच्या सवयीबद्दल नाहूरकराला कुणी शिकवू नये. आमचं स्टेशन 2006 मधलं, भांडुप आणि मुलुंडच्या मधोमध. स्लो लोकल थांबते. फास्ट लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या खिडक्यांची तावदानं हलवत निघून जातात. रुळांलगतच्या घरात नवा पाहुणा रात्री दचकून उठून बसतो, घरातलं माणूस कूसही बदलत नाही. ही झाली सवय. पण तिचं काम नीट पाहा: ती आवाज गोड करत नाही, पुसून टाकते. वर्षानुवर्षं त्या घरात राहणाऱ्याला विचारा, मघाशी गेलेली गाडी कुठल्या दिशेला गेली? सांगता येणार नाही. त्याच्या कानाने तो आवाज कधीच निकालात काढलेला असतो.

अवघड अल्बमच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. कॅप्टन बीफहार्टचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ घ्या, कारण गृहस्थांनी नाव न घेता झोडपला तो बहुधा हाच, किंवा याचंच कुणी भावंड. 1969 साल, फ्रँक झप्पाची निर्मिती, दोन तबकड्या, अठ्ठावीस तुकडे, जवळपास एकोणऐंशी मिनिटं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की चार माणसं चार वेगळ्या खोल्यांत बसून वाजवताहेत आणि पाचवा कुणावर तरी ओरडतोय. तिथेच थांबलो तर गृहस्थ जिंकले. पुन्हा ऐकताना एक गिटार धरून ठेवायची, फक्त तिच्यामागे जायचं. ती आपलं आवर्तन इमानाने फिरवत असते. मग दुसरी धरायची. तिचं आवर्तन वेगळ्या लांबीचं. मग जॉन फ्रेंचचे ड्रम, जे दोघींनाही न जुमानता तिसरंच काही मोजतात आणि तरी मधूनच तिघं एका जागी येऊन आदळतात. ज्या देशात तबलजी समेपासून मुद्दाम दूर जातो आणि श्रोते श्वास रोखून तिहाईची वाट पाहतात, तिथल्या माणसाला हे ऐकायला जास्त अवघड जाऊ नये. फरक एवढाच की इथे सम पुष्कळदा हुलकावणी देते.

आणि हे सगळं उत्स्फूर्त वगैरे नव्हतं. पियानो धड वाजवता न येणारा हा कॅप्टन पियानोवर बोटं आपटायचा, फ्रेंच ते टिपून घ्यायचा, आणि लॉस एंजलिसमधल्या भाड्याच्या घरात आठेक महिने, अर्धपोटी म्हणावं अशा हालात, वादकांकडून ते घोटून घेतलं जायचं. तालीम इतकी पक्की की बहुतेक वाद्यसंगत पुढे एकाच बैठकीत, काही तासांत ध्वनिमुद्रित झाली. ज्याला गृहस्थ गोंधळ म्हणतात तो त्यांच्या आवडत्या गायकांच्या दिवाळी पहाटेपेक्षा जास्त तालमी करून बसवलेला आहे. खरा बेशिस्तपणा फक्त गाण्याच्या आवाजात आहे: बुवांनी हेडफोन न लावता, स्टुडिओच्या काचेतून झिरपेल तेवढ्या संगीतावर गायलं, म्हणून आवाज आणि वाद्यं एकमेकांना चुकवत राहतात. नुसती सवय झाली असती तर हा फरक कानाला कळला नसता. शिस्त कुठे संपते आणि बेफिकिरी कुठे सुरू होते हे बारकाईने ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. सवय झालेला कान कमी ऐकतो, शिकलेला जास्त ऐकतो. गृहस्थांनी या दोन्हींची मोट बांधली आणि वर टाळ्या घेतल्या.

शिवाय त्यांचा स्वतःचा पहिला कान गेला कुठे? विलंबित एकतालातला ख्याल आईच्या पोटातून कुणालाच आवडत नाही. घरात रेडिओ, गणेशोत्सवात मैफल, शेजारी दाद कुठे द्यायची ते कोपराने सांगणारा मामा: अशा वीस वर्षांच्या शिकवणीनंतर त्यांना तो ‘सहज’ भिडला, आणि आता शिकवणी विसरून सहजतेचं प्रमाणपत्र ते इतरांकडे मागतात. कुमार गंधर्वांचं नाव घेताना हे कानाची पाळी धरतात. माळव्याच्या लोकधुनांतून राग उभे करणारे, घराण्याच्या ठरल्या वाटेने बढत न करणारे कुमार ज्यांना पहिल्या कानाने रुचले नाहीत असे जाणते लोक त्या काळात थोडे नव्हते. हे गृहस्थ तेव्हा असते तर कुठल्या रांगेत बसले असते, याचा मला दाट संशय आहे.

हा वाद नवा नाहीच. नवकविता आली तेव्हा दुर्बोधतेच्या नावाने किती शाई सांडली! जी कविता समजावून सांगावी लागते ती कविता नव्हे, हे वाक्य तेव्हा इतक्यांदा छापलं गेलं की त्याचाच एक छंद तयार झाला असता. त्याच कविता पुढे अभ्यासक्रमाला लागल्या आणि मुलांना खरोखर दुर्बोध वाटू लागल्या, पण ते गाईडांमुळे. रॉकवाल्यांनीही फार साळसूद होऊ नये. धोबी तलावच्या रंगभवनात, 1986 साली सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉकच्या जमान्यात, परदेशी बँडांची पाठ गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला डोक्यावर घ्यायचे आणि कुणी स्वतःचं गाणं काढलं की ‘ओळखीचं वाजव’ म्हणून आरडाओरडा. रॉक मशीनला 1993 मध्ये इंडस क्रीड होऊन स्वतःच्या गाण्यांवर ठाम उभं राहावं लागलं ते याच श्रोत्यांसमोर. केस लांब होते, पण कान गृहस्थांचाच होता.

सबंध शहराचा पहिला कान चुकल्याचं उदाहरण हवं असेल तर ते रॉकच्या शेजारच्या आळीतलं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ काढली. रोलँडची तीन यंत्रं, ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808, आणि त्यांवर भैरव, ललित वगैरे राग, खाली यंत्राचा अखंड ठेका. तबकडी खपली नाही. 2010 मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा शिकागोत 1987 च्या सुमारास जन्मलं असं मानल्या जाणाऱ्या अ‍ॅसिड हाउसचा बाज या तबकडीत पाच वर्षं आधीच ऐकू येतो म्हणून तिकडचे लोक चकित झाले. ज्या ऐकण्याने ती अडगळीत गेली ते पहिलंच ऐकणं होतं.

गृहस्थांनी शेवटी लू रीडचं ‘मेटल मशीन म्युझिक’ काढलं, हुकमाचा एक्का टाकावा तसं. 1975, चार बाजू भरून गिटारच्या फीडबॅकचा कल्लोळ, थोड्याच दिवसांत दुकानांतून परत. हसू पिकलं. 2002 मध्ये बर्लिनमध्ये एका वाद्यवृंदाने हाच कल्लोळ कागदावर उतरवून व्हायोलिन, चेलो आणि फुंकवाद्यांवर वाजवला, खुद्द रीड सोबत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी स्वतः ती तबकडी पाहुण्यांपुढे लावणार नाही. मला तिच्यात कल्पना जास्त आणि संगीत कमी वाटतं. पण हे मत चारही बाजू ऐकून झालेलं आहे.

मग ऐकायचं कशासाठी? काही गोष्टी गोड गळ्याने सांगता येत नाहीत. स्कॉट वॉकरच्या 2006 च्या ‘द ड्रिफ्ट’मध्ये ‘क्लारा’ नावाचं गाणं आहे: मुसोलिनी आणि त्याची प्रेयसी क्लारा पेटाची यांची प्रेतं 1945 मध्ये मिलानच्या चौकात उलटी टांगली, त्या दिवसाचं. त्यात तालवाद्य म्हणून डुकराच्या मांसाच्या मोठ्या तुकड्यावर ठोसे मारलेत. तो आवाज घाणेरडा आहे, आणि असायलाच हवा. तिथे सुरेल व्हायोलिन वाजलं असतं तर तो त्या प्रसंगाचा अपमान ठरला असता. असं काही ऐकायचं तर गर्दीच्या लोकलमध्ये नको, कामं करता करता नको. एका वेळी तबकडीची एकच बाजू, एकच वाद्य धरून. कंटाळा आला तर बंद करावं, महिन्याने बघावं.

आणि सवयीचाच प्रश्न असेल, तर मेटॅलिका आणि लू रीड यांचा 2011 चा ‘लुलू’ मला एव्हाना आवडायला हवा होता. वेडेकिंडच्या नाटकांवरचा, दोन तबकड्यांचा. ‘ट्राउट मास्क’ इतकाच तोही निष्ठेने ऐकलाय. एकीकडे रीडचं बोलणं, दुसरीकडे गिटारींचा कारखाना, आणि दोघांची कुठेच गाठ पडत नाही. जितकं ऐकावं तितकी ती फट जास्त दिसते. शेवटचं एकोणीस मिनिटांचं ‘ज्युनिअर डॅड’ तेवढं खरं उतरलंय. बाकीचा अल्बम गृहस्थांनी खुशाल घेऊन जावा.