कारागिरांचा संघ आणि व्यापाऱ्याचा गल्ला

कापडाच्या दुकानात रोज एक प्रकार घडतो. गिऱ्हाईक 'खरी महेश्वरी दाखवा' म्हणते आणि त्याच्यापुढे यंत्रमागावरचा माल पसरला जातो. काही ठराविक कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, पण बाजारात त्याचा धाक फारसा दिसत नाही. यात गिऱ्हाईक फसते, विणकर बुडतो, आणि आपले काही बिघडत नाही असे व्यापारी समजतो. ही समजूत चुकीची आहे. विणकर संपला की दुकानात विकायला फक्त नक्कल उरते, आणि नक्कल तर शेजारचा दुकानदारही दोन पैसे कमी घेऊन विकतो.

या बाबतीत महेश्वरकडून शिकण्यासारखे आहे. नर्मदाकाठचे हे गाव अहिल्याबाई होळकरांची राजधानी. त्यांच्या आश्रयाने तेथे हातमाग वाढला. पुढे संस्थाने विलीन झाली, स्वस्त कापड आले आणि माग बंद पडू लागले. विणकरांत अन्सारी बिरादरीची घरे पुष्कळ. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी तेथे 'रेहवा सोसायटी' सुरू केली. सुरुवात मोजक्या मागांवर झाली आणि त्या मागांवर मुख्यतः बायकांना बसवले.

संस्थेने कारागिराला खैरात वाटली नाही. सूत दिले, रंगाई व नमुने पाहिले, विणलेल्या मालाची मजुरी दिली आणि विक्री स्वतःच्या अंगावर घेतली. किल्ल्याच्या दगडावरची चटई, लहेरिया ही जुनी नक्षी साडीच्या काठावर राहिली. त्याच मागावर ओढण्या व इतर कापडही निघू लागले. विणकरांची घरे, मुलांची शाळा, दवापाणी याकडे संस्थेने लक्ष दिले. आज संस्थेच्या बाहेरही महेश्वरात घरोघरी माग चालतात, कारण त्या नावाला पुन्हा बाजार मिळाला.

विणकराचे हात कशाने बांधले जातात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. सूत सेठचे, त्यावर घेतलेली उचल सेठची, म्हणून भावही सेठचा. माल खपला नाही तर मजुरी अडकते. खपला तरी डाग, उशीर, वटाव अशा नावांनी कापली जाते. बाप हे सोसतो, पण मुलगा मागावर बसत नाही. अशा रीतीने हुन्नर एका पिढीत जातो. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, हिमरू एके काळी किती नावाजलेली होती! आज तिचे हातमाग बोटांवर मोजावे लागतात.

काही व्यापारी बांधव म्हणतात, 'संघ झाला की कारागीर थेट माल विकेल, मग आम्ही काय करायचे?' ही भीती फुकाची आहे. दिवसभर मागावर बसणारा माणूस दुकान कसे सांभाळणार? गिऱ्हाईकाची पारख, उधारीचा धोका, दूरच्या गावची पेठ हे आपलेच काम राहील. कमी होईल तो फक्त बिनकष्टाचा हिस्सा, आणि तो कमी झालेलाच बरा.

आपल्या गावांत होळकरांचा किल्ला नाही, पण व्यापारी आहेत. दहा जणांनी भांडवल घालून सूत ठोक भावाने घ्यावे आणि कारागिराला त्याच दराने द्यावे. माल हातात येताच मजुरी रोख चुकवावी. हातमागाच्या मालावर संघाचा शिक्का असावा आणि यंत्रमागाचा माल यंत्रमागाचाच म्हणून विकावा. हिशेबाची वही कारागिरांना पाहता यावी आणि कारभारात निम्म्या जागा त्यांच्या असाव्यात. नाहीतर संघाच्या नावाने नवा सेठ तयार होईल.

व्यापारात बरकत इमानदारीने येते, असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. त्या इमानदारीची सुरुवात गिऱ्हाईकाच्या पावतीपासून नव्हे, विणकराच्या मजुरीपासून झाली पाहिजे.