दोष वायरीचा, नाडी माझी

माणूस म्हातारा नेमका कधी होतो, याबद्दल एकमत नाही. सरकारच्या मते तो साठाव्या वर्षी होतो. रेल्वेचंही पूर्वी तेच मत होतं, पण २०२० साली तिकिटातली सवलत बंद केल्यावर रेल्वेने हा विषयच सोडून दिला. मी मात्र एका वायरीमुळे म्हातारा झालो आणि दुसऱ्या वायरीमुळे पुन्हा पूर्वपदावर आलो. मधे जे पस्तीस दिवस गेले, त्यांचा हिशेब कोणाकडे मागायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मला कळलं तेवढंच सांगणार आहे, आणि ते फार नाही.

झालं असं, की निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम अंगावर घेतलं. आमच्या घराण्यात पराक्रमी पुरुष फारसे झाले नाहीत, पण पुरुष मात्र बरेच झाले. त्यातही नावं तीच तीच, पाळीपाळीने. ती नावं जुन्या छोट्या पडद्यावर वाचताना डोळे पाणावू लागले. चिरंजीव बंगळुरूला असतात. त्यांना वाटलं, बाबा पूर्वजांच्या आठवणीनं गहिवरतात. मग खरं कारण कळल्यावर त्यांनी वाढदिवसाला सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर पाठवून दिला. फोर-के म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार केला तर सुमारे ८३ लाख. संगणक मात्र जुनाच, चिरंजीवांच्या ऑफिसनं मोडीत काढलेला.

मॉनिटरच्या खोक्यात एक वायर होती. तिचं नाव एचडीएमआय. तिचं एक तोंड संगणकात बसलं, दुसरं मॉनिटरमध्ये बसलं आणि पडदा उजळला. खापरपणजोबांच्या नावावरचा अनुस्वार सुपारीएवढा दिसू लागला. मी मनातल्या मनात चिरंजीवांना उदंड आयुष्य चिंतलं आणि माउस हातात घेतला.

तिथून माझ्या म्हातारपणाला सुरुवात झाली.

माउस हलवला की पडद्यावरचा बाण क्षणभर विचार करी आणि मग धक्के खात निघे, गिअर नीट न पडलेल्या एसटीसारखा. ‘विष्णु’मधल्या ‘ष्णु’पाशी नेमून थांबवावा, तर तो पुढच्या पिढीत जाऊन थांबे. दोनदा तर मी एका हयात चुलत्यांना वंशावळीतून पुसून टाकलं.

संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, केबल बदलून बघा.” मी तडक तापकीर गल्लीत गेलो.

“कुठली केबल हवी?” दुकानदारानं विचारलं.

“मॉनिटरची.”

“ते झालं हो. कुठली?”

“चांगली.”

“चांगलीच ठेवतो. वाईट कोणी मागत नाही म्हणून.”

त्यानं जी काढली तिच्या दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा होता आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरात ‘८-के’ छापलं होतं. किंमत साडेआठशे रुपये. मी विचारलं, “सोन्यानं काय होतं?”

“गंजत नाही.”

“आणि चित्र?”

“चित्रही गंजत नाही.”

घरी येऊन लावली. बाण तसाच. पुन्हा गेलो. या खेपेला काळ्या जाळीत विणलेली, बैलाच्या कासऱ्याएवढी जाड केबल मिळाली. बाण तसाच. संगणक तपासून झाला होता, मॉनिटर कोरा होता, वायर सोन्याची होती. राहिलो मी.

पुढचं सांगताना थोडा संकोच होतो. आमच्या वडिलांचा हात शेवटी शेवटी कापत असे. बँकेनं त्यांची सही दोनदा परत केली, तो दिवस मला आठवतो. ते काही बोलले नाहीत. नुसते अंगणात जाऊन बसले. आता तोच हात माझ्या बाहीतून बाहेर आला, असं मी धरून चाललो. रात्री सगळे झोपल्यावर मी वर्तमानपत्राच्या समासात स्वतःच्या सह्या करून बघू लागलो. घरातही बातमी पसरली. हिनं मला चहा अर्धा कप द्यायला सुरुवात केली. सांडू नये म्हणून. नारळ खवण्याचं काम गेली तीस वर्षं माझ्याकडे होतं, ते काढून घेतलं. चिरंजीव फोनवर म्हणाले, “बाबा, वयानं होतं असं थोडंफार.” इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी त्यापूर्वी एकदाच बोलले होते, बारावीचा निकाल सांगताना.

डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, त्यांच्या बोटाला माझं बोट लावायला लावलं. सगळं जागच्या जागी लागलं. “काही नाही,” ते म्हणाले. पण पेशंटला रिकाम्या हातानं परत पाठवणं बरं दिसत नाही म्हणून रक्त तपासलं, त्यात बी-१२ कमी निघालं आणि पाच इंजेक्शनं लिहून दिली. तीन घेतली. बाण तसाच. शेवटी चुलतभावाला पत्र लिहिलं, की कुलवृत्तान्त तू पुरा कर, माझ्या हातून आता होणार नाही. पाकिटावर तिकीटही लावलं.

ते पाकीट टेबलावर असतानाच वरच्या मजल्यावरच्यांची नात साखरेची वाटी परत द्यायला आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं सहज माउस हातात घेतला आणि म्हणाली, “आजोबा, हे किती अडखळतंय हो!”

याहून गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तिचा हात वीस वर्षांचा होता, आणि बाण तिचंही ऐकत नव्हता!

तिनं पडद्याची सेटिंगं उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं: ३० हर्ट्झ. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलत होतं. साध्या मॉनिटरवरही ते साठ वेळा बदलतं. बाण अडखळत होता तो त्यामुळे. तुमच्या संगणकाचं एचडीएमआयचं भोक जुन्या पद्धतीचं, म्हणजे १.४ आहे, ती म्हणाली. फोर-के चित्र त्यातून सेकंदाला तीस वेळाच जातं, मग केबल सोन्याची लावा की हिऱ्याची. “पण त्याच्या शेजारी हे दुसरं भोक आहे बघा, एक कोपरा कापलेलं. हे डिस्प्ले पोर्ट. यातून साठ जातील.”

मी पुन्हा तापकीर गल्लीत. डिस्प्ले पोर्ट म्हटल्यावर दुकानदारानं एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्ले पोर्ट अशी वायर दिली. घरी आणून एचडीएमआयचं टोक संगणकात आणि डिस्प्ले पोर्टचं मॉनिटरमध्ये घातलं. पडदा काळा ठिक्कर. नातीनं कपाळाला हात लावला. ही वायर एकमार्गी असते, लक्ष्मी रोडसारखी. संगणकाकडून डिस्प्ले पोर्टनं निघून एचडीएमआयला पोचता येतं. उलट दिशेनं प्रवेश बंद. फरक एवढाच, की लक्ष्मी रोडवर तशी पाटी असते. शिवाय सरळ दिशेनं लावली तरी असल्या साध्या वायरीतून साठ मिळतीलच याची खात्री नाही. शेवटी दोन्ही टोकांना डिस्प्ले पोर्ट असलेली साधी, बिनसोन्याची वायर आणली, आणि बाण लोण्यावरून फिरावा तसा फिरू लागला. मी ‘ष्णु’पाशी थांबलो. हयात चुलत्यांच्या नावाला प्रदक्षिणा घालून आलो. पाकिटावरचं तिकीट वाफेवर धरून काढलं.

इथे गोष्ट संपते आणि भांडण सुरू होतं.

हुशार लोक म्हणतील, यात भांडण कसलं? तुम्हाला माहिती नव्हती, ती झाली. हा युक्तिवाद मला मान्य नाही. घरातल्या भिंतीकडे बघा. सहा अँपिअरचा प्लग बारीक पिनांचा आणि सोळा अँपिअरचा जाड पिनांचा. गीझरचा प्लग टेबललॅम्पच्या भोकात बसतच नाही. बसत नाही, ही त्याची सभ्यता. अडाण्यातल्या अडाण्यालाही तो हातानंच सांगतो, की बाबा रे, हे तुझं ठिकाण नव्हे. एके काळी आम्ही पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलत असू. मोठी गाडी जिथे थांबे तिथेच बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी उभी असे. दोन रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. ही हळू जाणार हे विचारावं लागत नसे; दिसत असे.

मॉनिटरच्या वायरीही पूर्वी अशाच सरळ होत्या. १९८७ साली व्हीजीए आली. तिला पंधरा पिना, दोन्ही बाजूंना दोन स्क्रू, आणि पुढे पुढे तोंडाला निळा रंग. निळं निळ्यात घालायचं, स्क्रू पिळायचे, की संपलं. १९९९ साली डीव्हीआय आली, २००२ साली एचडीएमआय, २००६ साली डिस्प्ले पोर्ट, २०१४ साली यूएसबी-सी. नवं येण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एकाच तोंडामागे अनेक पोटं लपवण्याला. १.४ पद्धत २००९ सालची, २.० ही २०१३ सालची, २.१ ही २०१७ सालची. तिघींची कुवत वेगवेगळी, पण भोक एकच. आणि यूएसबी-सी तर विचारूच नका. एकाच आकाराच्या भोकातून कुठे चित्र जातं, कुठे नुसती वीज जाते, कुठे दोन्ही. लावून बघितल्याखेरीज कळत नाही.

बरं, वायरीवर आकडा तरी लिहावा? एचडीएमआयच्या नियमाप्रमाणे वायरीवर हे १.४-२.० चे आकडे लिहायचेच नसतात. तिथे जाती आहेत: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. आमच्या एसटीतही साधी आणि निमआराम असे भेद होते. पण निमआराममध्ये बसलेल्या माणसाला पाठ टेकताच कळे, की आराम निम्माच आहे. ‘प्रीमियम’ श्रेष्ठ की ‘अल्ट्रा’ श्रेष्ठ, हे सामान्य माणसानं कशाला पाठ टेकून ठरवायचं?

“पुस्तिका वाचायची,” असं सांगणारेही भेटतात. वाचली. त्यात ‘१.४’ एवढंच होतं. या आकड्याचा अर्थ तुमचा हात कापल्यासारखा वाटेल असा आहे, हे कुठे लिहिलं होतं?

आणि खरी चीड पुढेच आहे. वायर लावताक्षणी मॉनिटर आपली सगळी माहिती संगणकाला कळवतो: मी इतका मोठा आहे, मला सेकंदाला साठ चित्रं चालतात. संगणकालाही स्वतःची ऐपत ठाऊक असते. म्हणजे लग्नाच्या बैठकीसारखं दोन्हीकडच्यांचं बोलणं होतं, तिसावर तडजोड होते, आणि ज्याच्या खिशातून खर्च झाला त्या यजमानाला कोणी एका शब्दानं सांगत नाही! पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली असती, ‘शेजारच्या भोकात लावा, दुप्पट मिळेल,’ तर माझी तीन इंजेक्शनं वाचली असती. ती ओळ लिहायला कोणाला काय खर्च आला असता?

माझं मागणं साधं आहे. भोकावर त्याची कुवत लिहा, वायरीच्या दोन्ही टोकांना तिची कुवत आणि दिशा लिहा, आणि यंत्राला जे कळलंय ते माणसालाही कळवा. कारण यंत्र मुकाट राहिलं की सामान्य माणूस यंत्रावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. घरोघरी किती आजोबा ‘आपल्याला आता जमत नाही’ म्हणून बाजूला बसले असतील आणि त्यांतल्या कितीजणांचा दोष नुसत्या वायरीत असेल, या विचारानं मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

तोवर आपलं आपण सांभाळावं. वायर घ्यायच्या आधी संगणकाची भोकं बघा, मग मॉनिटरची बघा, दोघांची कुवत विचारा, आणि वायर सगळ्यांत शेवटी घ्या. डिस्प्ले पोर्ट दोन्हीकडे असेल तर तीच वायर आणा. एचडीएमआय घ्यायची झाली तर वेष्टनावर मोबाइलनं तपासता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असलेली घ्या. सोन्याचे पैसे देऊ नका. चित्र आकड्यांच्या रूपानं येतं, ते येतं किंवा ठिपके उडून पडदा मधूनच काळा होतो, मुलाम्यानं जास्त देखणं होत नाही. लागेल त्याहून लांब वायर घेऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एकदा सेटिंगांत हर्ट्झ बघा.

हात बरा झाल्याची बातमी मी स्वयंपाकघरात जाऊन अभिमानानं सांगितली. हिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं, पूर्ण कप भरून चहा दिला, आणि कप खाली ठेवायच्या आत माझ्यापुढे खवणी सरकवली. दोन नारळ फोडून ठेवलेलेच होते.